बिल्ला टाका, चहा घ्या

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा माझे यजमान तेलावर चालणारी इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. मीही इथं तेच म्हणते. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि आता या वयात ती नव्यानं सुरू करायची मला हौस नाही.

आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. मिस्त्री, मी, माझी सासू आणि नंतर आमची मुलगी. सासूला मी आत्ती म्हणायची. आत्ती तोंडानं फटकळ, पण माझ्या बाळंतपणात तिनं मला चुलीपुढं बसू दिलं नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे.

मिस्त्रींचा हात चांगला होता. पेठेतले लोक बिघडलेले स्टोव्ह, कुलपं, शिवणयंत्रं घेऊन यायचे. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. आपल्याला सगळं करता येईल, बाहेरून काही आणायला नको, असं तेव्हा शिकलेली माणसंही बोलायची आणि न शिकलेलीही. मिस्त्रींना तर ते पुरतं पटलं होतं.

त्या सुमारास एका कापडगिरणीच्या मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. नवीन कायद्यानं कामगारांना बसून खायला-प्यायला खोली द्यावी लागत होती, आणि मालकांनी ती बांधली होती. तिथं चहा ओतायला एक माणूस ठेवला होता. तो दोन प्रकारचे कप ठेवायचा. बाकी सगळ्यांसाठी कानवाले आणि गिरणीच्या कचराखात्यातल्या बायाबापड्यांसाठी, म्हणजे ज्यांना लोक अस्पृश्य मानायचे त्यांच्यासाठी, कान तुटलेले. त्यांच्या कपात तो हात उंच धरून वरनं चहा सोडायचा, म्हणजे किटली कुठं लागायला नको. कायद्यानं हे सगळं बंद झालं होतं, पण किटली त्याच्या हातात होती. त्यावरून खोलीत भांडणं व्हायची, एकदा कपांची फेकाफेकही झाली.

मालक विलायतेला जाऊन आले होते. त्यांनी मिस्त्रींना सांगितलं, "तिकडं कारखान्यांत कपाटं ठेवलेली असतात. नाणं टाकलं की खण उघडतो, आतलं खाणं माणूस आपल्या हातानं घेतो. चहाही तसाच. वाढपीच नाही. मधे हातच नाही म्हटल्यावर भांडण कशाचं? तुम्हाला असं एक करता येईल?"

मालकांना जातीपातीचं दुःख होतं असं मला कधी वाटलं नाही. त्यांना भांडण नको होतं आणि वाढपी नको होता. पण मिस्त्री घरी आले ते तापल्यासारखे. म्हणाले, "करता येईल म्हणून सांगितलं."

आत्ती म्हणाली, "आणि कारखाना?"

"कारखान्यात राहून हे होणार नाही. मी काम सोडलं."

आत्तीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

परसात पत्र्याचं छप्पर घालून त्यांनी काम सुरू केलं. माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट. वरच्या अंगाला तांब्याची टाकी, आतून कल्हई केलेली. पुढं पितळी तोटी, तिच्याखाली कप ठेवायची फळी. खालच्या अंगाला जाळीची दारं असलेले खण, त्यांत भडंगाच्या पुड्या आणि शेंगदाण्याचे लाडू. गिरणीनं कामगारांना पितळी बिल्ले द्यायचे. बिल्ला फटीत टाकला की आत एक दांडा वजनानं कलायचा आणि खणाची खिट्टी सुटायची. चहाचं तसंच, दांडा कलला की माप उपडं व्हायचं आणि एक कप चहा तोटीतून यायचा.

खण पहिल्या दिवसापासून नीट चालले. भडंगाची पुडी घ्यायला गल्लीतली पोरं दिवसभर रांग लावायची. तोटीही चालली, पाण्यावर. मग काळ्या चहावरही चालली. पेठेतले लोक बघायला यायचे, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मिस्त्री, ह्येला आता बोलायला शिकवा की." त्या दिवशी मिस्त्री हसले होते. ते हसणं मी लक्षात ठेवलं आहे, कारण पुढं बराच काळ मला तेवढ्यावर भागवावं लागलं.

दूध घातलं आणि सगळं बिनसलं. टाकीतला चहा गरम ठेवायचा म्हणजे त्यावर साय धरायची. साय मापात जायची, मापातून तोटीत. पहिले काही कप भरून यायचे, मग अर्धा, मग थेंब थेंब. मिस्त्रींनी भोक मोठं केलं, तर चहा थांबेचना. आत ढवळायला पातं बसवलं, तर चहाला फेस यायला लागला आणि तळाशी साखरेचा चिकटा धरला. गाळणी बसवली, ती तुंबली. उन्हाळ्यात दूध नासलं आणि सगळी टाकी परसात ओतावी लागली. त्या कोपऱ्यात पुढं कितीतरी दिवस मुंग्या होत्या.

घरात पगार येत नव्हता. मुलगी वर्षाची होत आली होती, अंगावर पीत होती. माझ्या पाटल्या गेल्या, आत्तीची मोठी घागर गेली, मिस्त्रींची सायकल गेली. मिस्त्री जेवताना घास हातात धरून भिंतीकडं बघत बसायचे. मी म्हणायची, "कारखान्यात परत जा. घेतील तुम्हाला." ते म्हणायचे, "साय आहे नुसती. सायीपुढं हरायचं का माणसानं?"

गिरणीतल्या त्या खोलीचं चहाघर तयार झालं आणि मालकांनी दिवस ठरवला. बैलगाडीत घालून कपाट नेलं, भिंतीत बसवलं. भिंतीमागं पत्र्याची एक छोटी खोली होती. तिथं भट्टीवर चहा उकळायचा आणि भिंतीतल्या चौकोनी भोकातून टाकीत भरून सुट्टीआधी निघून जायचं, अशी योजना. चहा उकळायला मी जायचं ठरलं, दुसरी बाई लावायची आमची ऐपत नव्हती. कपाटावर रंगाऱ्याकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'बिल्ला टाका, चहा घ्या'. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी कप आणि बाण काढला होता.

त्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आधी मिस्त्रींनी बिल्ला टाकून पाहिला. चहा आला. दुसरा टाकला, आला. तिसऱ्याला तोटी नुसतीच ओली झाली.

ते मागच्या खोलीत आले आणि कोळशाच्या पोत्यावर बसले. बाहेर मोटारी थांबल्याचे आवाज येत होते. मालक, दुसऱ्या गिरण्यांचे मालक, सरकारी साहेब. मिस्त्रींच्या चेहऱ्याला रंग नव्हता. ते म्हणाले, "मी आता मागच्या दारानं जातो. तू घरी जा."

"कुठं जाता?"

त्यांची नजर मला आवडली नाही. मी भोकातून आत हात घातला, टाकीचं माप उचकटून काढलं आणि तोटीच्या मागच्या तोंडाला रॉकेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं लावून बघितलं. ते नवं होतं, कपाटाला तेल घालायला आणलेलं, अजून वापरलेलं नव्हतं. ते बसलं.

मी म्हटलं, "तुम्ही पुढं व्हा. बिल्ला पडल्याचा आवाज आला की मी ओतते."

"असं कसं?"

"आजचा दिवस जाऊ दे. उद्या तुम्ही दुरुस्त करा."

ते उठले, तोंड धुतलं आणि पुढं गेले. मालकांनी पहिला बिल्ला टाकला. आत पत्र्यावर टण् आवाज झाला. मी वाटीच्या मापानं एक कप चहा नरसाळ्यात ओतला. पलीकडं टाळ्या वाजल्या. मग सगळ्यांनीच बिल्ले टाकले. मी ओतत राहिले. प्रत्येक कपात चहा सारखाच पडत होता. मिस्त्रींना हार घातला, तो हार घरी आणून त्यांनी खुंटीला लावला आणि रात्री न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली नाही. आठ दिवसांनी झाली नाही. गिरणीला सुटी असली की मिस्त्री कपाट उघडून बसायचे, काहीतरी नवं बसवायचे. ते पाण्यावर चालायचं आणि दुधाशी आलं की थांबायचं. मधल्या दिवसांत मी ओतत होते. दोन पाळ्या, दोन्ही पाळ्यांच्या सुट्ट्या. सकाळी मुलीला पाजून आत्तीकडं द्यायची, चालत गिरणीत जायचं, मागच्या दारानं आत शिरायचं, दार लावून घ्यायचं.

त्या खोलीबद्दल काय सांगू. वर पत्रा, एका अंगाला भट्टी, उभं राहिलं तर दोन्ही भिंतींना कोपर लागायचं. चैत्रात तिथं श्वास घ्यायला तोंड उघडावं लागायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. बाहेर एखादी कामगारीण मूल घेऊन आली आणि ते रडलं की माझं दूध आपोआप सुटायचं. मी छातीला फडकं घट्ट बांधून घ्यायची. तरी पोलकं भिजायचं. भिजलेल्या पोलक्यावर मी बिल्ल्याच्या आवाजाची वाट बघत उभी राहायची.

माणसं दिसायची नाहीत, नुसते आवाज. काही आवाज मी ओळखायला लागले. त्यांतला एक कचराखात्यातल्या मावशीचा होता. गिरणीतला सूत-कापसाचा केर झाडून गोळा करायचं तिचं काम. कापसाची धूळ खाऊन घसा बसलेला, जाड आवाज. पहिल्या दिवशी ती कपाटापुढं बराच वेळ उभी होती.

दुसरी कुणीतरी म्हणाली, "टाक की बिल्ला."

"टाकू?"

"मग? इचारतंय कोन?"

टण् आवाज झाला. मी ओतला. मग नुसता चहा फुंकल्याचा आवाज. नंतर ती म्हणाली, "कानाचा कप हाय की गं."

"सगळीच कानाची हाईत."

दुसऱ्या दिवसापासून ती सुट्टीत पहिली यायची. कपाटाशी बोलायची. "भरून दे बाई, लई दमलोय," असं म्हणायची. एकदा कुणाला तरी सांगत होती, "ह्येचं बरं हाय. वरनं वतायचं न्हाय, तोंड बघायचं न्हाय. बिल्ला पडला की चहा. बिल्ल्याला जात न्हाय."

ते ऐकलं आणि मला फार भीती वाटली. तोवर मला आमच्या घराचीच काळजी होती. आता वाटायला लागलं, हे कपाट खरं झालंच पाहिजे. घरी येऊन मी मिस्त्रींना मावशीचं बोलणं सांगितलं. वाटलं होतं, त्यांना हुरूप येईल. ते ओट्यावर बसले आणि गुडघ्यांत डोकं घालून रडले. पुरुषमाणसाला तसं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

मॅनेजरसाहेबांना लवकरच कळलं. एके दिवशी सुट्टी संपल्यावर मागचं दार ढकलून ते आत डोकावले. माझ्या हातात वाटी होती, भिंतीत नरसाळं होतं. लपवायला काही उरलं नव्हतं. त्यांनी सगळं नीट बघून घेतलं.

मी म्हटलं, "साहेब, दुरुस्तीचं काम चालू आहे."

"चालू दे," ते म्हणाले. "मालक खूश आहेत. बघायला माणसं येतात. तुम्ही खोकू नका फक्त."

आणि मालक इतके खूश होते की त्यांनी आणखी दोन कपाटं करायला सांगितली, दुसऱ्या गिरणीसाठी. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. मिस्त्री हो म्हणून आले. त्या दिवसापासून ते घरात असून नसल्यासारखे झाले. रंकाळ्यावर, तळ्याच्या काठाला, जाऊन बसायचे. आत्ती गल्लीतल्या कुणाला तरी मागं पाठवायची. एक दिवस सकाळी ते म्हणाले, "नरसोबाच्या वाडीला जाऊन येतो. दत्तापुढं बसतो जरा." आणि परत आले नाहीत. वाडीहून आलेल्या एका शेजाऱ्यानं सांगितलं की घाटावर बसलेले दिसले, दाढी वाढलीय, हाक मारली तर ओळख दिली नाही.

आत्ती म्हणाली, "मी जाऊन घेऊन येतो त्येला. तू गेलीस तर तुजी गिरणी बंद पडंल."

तिचं खरं होतं. मी एक दिवस गेले नाही तर कपाट बंद. ती वाडीला गेली. आणि त्याच दिवशी मुलीला ताप भरला.

शेजारीण तिला सांभाळायला तयार होती, पण अंगाला हात लावल्यावर मागं सरली. तिच्या घरात तीन लहान पोरं. म्हणाली, "गोवर असला तर माझ्या पोरांचं कसं व्हायचं? राग मानू नका, वैनी." मला राग आला नाही. मी असते तरी तेच म्हटलं असतं. मुलीला लुगड्यात गुंडाळून मी गिरणीत नेलं आणि चहाच्या रिकाम्या खोक्यात निजवलं. ती ग्लानीतच होती. वाटलं, झोपून राहील.

सकाळची सुट्टी झाली. बिल्ले पडायला लागले. भट्टीच्या धगीनं असेल, ती जागी झाली आणि कण्हायला लागली. मी एका हातानं तिला छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं ओतत राहिले. ती प्यायली नाही. तोंड फिरवलं आणि रडायला लागली. आधी हळू. मग जिवाच्या आकांतानं.

भिंतीपलीकडचे सगळे आवाज थांबले. मग कुणीतरी म्हणालं, "डब्यात प्वार रडतंय."

एक-दोघं हसले. कुणी म्हणालं, "भूतबीत हाय का काय?" मी तिच्या तोंडावर पदर धरला. ती खोकली, श्वास अडकल्यासारखा झाला, मी पदर काढला. आणखी एक बिल्ला पडला. मी ओतला. का ओतला ते मला आजही सांगता येत नाही. हात ओतत होता.

मागचं दार उघडलं. एक उंच, काळी, केसांत कापसाचे पांढरे तंतू अडकलेली बाई उभी होती. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग नरसाळ्याकडं, मग वाटीकडं.

"तू देत हुतीस व्हय?" ती म्हणाली, आणि आवाजावरून मी तिला ओळखलं. मावशी होती.

मी मान हलवली.

"किती दिस?"

"पहिल्यापासून."

तिनं दार मागं लोटून घेतलं. मग म्हणाली, "प्वार दे हिकडं." मी दिली. तिनं मुलीच्या कपाळाला गाल लावला, छातीला कान लावला. "आगं, फुफाटा झालाय नुसता. छाती वाजतीया. हिला डागदराकडं ने."

"सुट्टी संपू दे. बाहेर माणसं आहेत. बंद पडलं तर आमचं..."

"सुट्टी संपस्तवर ऱ्हाईल का ती?" असं म्हणून तिनं मुलगी माझ्या कडेवर ठेवली आणि माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "जा तू. मी वततो."

पलीकडं बिल्ला पडला. मावशीनं भांड्यातनं वाटी भरली आणि नरसाळ्यात ओतली. मी तिथून पळाले.

सरकारी दवाखान्यापर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. टांगा केला असेल. डॉक्टरांनी मुलीला बघितलं आणि मला काही न विचारता आत नेलं. दोन्ही फुप्फुसं धरली होती. सुया टोचल्या, नळीनं नाकात काही सोडलं. मी बाकावर बसून होते, माझ्या अंगाला चहाचा वास येत होता.

गिरणीत मागं काय झालं ते मला नंतर त्या वेळी चहाघरात असलेल्या एका कामगारणीनं सांगितलं. मावशीला मागं जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं. ती परत आली नाही, आणि कपाटातून चहा येत राहिला. हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं. कुणी कप खाली ठेवला. कुणी तोंडातला चहा खिडकीतून थुंकला. काहीजण तसेच पीत उभे राहिले. एका तरुण कामगारानं मुद्दाम दुसरा बिल्ला टाकला आणि सगळ्यांदेखत प्याला. त्यावरून झोंबाझोंबी झाली. मॅनेजरसाहेब आले, मावशीला बाहेर काढलं आणि चहाघराला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी आत्ती मिस्त्रींना घेऊन थेट दवाखान्यात आली. मिस्त्री मुलीच्या पायाशी बसले. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं झालं. संपलं." त्यानंतर त्या कपाटाविषयी ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत. मालकांनी त्यांना बोलावून घेतलं आणि फसवलंत म्हणून सगळ्यांसमोर सुनावलं. मॅनेजरसाहेब शेजारी उभे होते, ते काही बोलले नाहीत. कपाट उपटून मोडीत घातलं. जुना चहावाला किटली घेऊन परत आला, आणि त्याचे कपही.

मुलगी वाचली. दवाखान्यातून घरी आणल्यावर पुष्कळ दिवस तिला मान धरता येत नव्हती, पण वाचली.

मावशीला कामावरून काढलं होतं. पाळीच्या वेळात आपली जागा सोडून भलतीकडं गेली, असं कारण दिलं. हे कळलं तशी मी मॅनेजरसाहेबांकडं गेले.

मी म्हटलं, "साहेब, ती आपणहून गेली नाही. माझं मूल आजारी होतं. माझ्याऐवजी ती उभी राहिली."

ते म्हणाले, "तुमच्याऐवजी म्हणजे? तुम्ही कोण?"

"साहेब, तुम्ही मला बघितलंय. तुम्ही मला खोकू नका म्हणालात."

"बाई, त्या खोलीत गिरणीचं कुणीही कामाला नव्हतं. तिथं यंत्र होतं. मालकांनी यंत्र घेतलं होतं, माणूस नव्हे. नसलेल्या माणसाच्या जागी कुणी उभं राहत नाही."

शिपायानं दार उघडून धरलं तेव्हा बाहेर आले. मग कामगारांच्या पुढाऱ्याला भेटले. तो भला माणूस होता. म्हणाला, विषय काढतो. पण कप खाली ठेवणारे त्याचेच सभासद होते, आणि विषय निघाला नाही. मावशीच्या वस्तीत गेले तर तिच्या खोपटात दुसरंच कुणी राहत होतं. "लेकीकडं गेली वडगावाला," असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यानं मला बस म्हटलं नाही.

मिस्त्रींना जुन्या कारखान्यात परत घेतलं, पण फिटर म्हणून नव्हे, हाताखालचा माणूस म्हणून. ते जायचे, यायचे. गल्लीतलं कुणी स्टोव्ह घेऊन आलं तर "दुसरीकडं न्या" म्हणायचे. मी घरोघरी शिवणकाम करायला लागले. असं आमचं चाललं.

काही वर्षांनी माझी धाकटी बहीण पेठ वडगावला दिली. तिच्याकडं गेले असताना बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो. मुलगी माझं बोट धरून होती. गर्दीत एक आवाज आला, जाड, बसलेला. "घ्या, शिंदीची केरसुणी घ्या, वरीसभर झाडा." माझे पाय थांबले. बहिणीला म्हटलं, तू पुढं हो.

ती जमिनीवर केरसुण्या मांडून बसली होती. केस पांढरे झाले होते, या वेळी कापसानं नव्हे. मी पुढं जाऊन उभी राहिले.

"कितीला देऊ, बाई?"

"मावशी, मी गिरणीतली. डब्यामागची."

तिनं वर बघितलं. मला वाटलं, उठेल, किंवा शिव्या देईल. तिनं मुलीकडं पाहिलं. "हीच व्हय ती?"

"हो."

"जगली म्हणायची." तिनं मुलीच्या पायांकडं, हातांकडं बघितलं, जनावर घेताना बघतात तसं. "चांगली हाय की."

मी म्हटलं, "तुमचं काम माझ्यामुळं गेलं. मी साहेबांना सांगायला गेलते. त्यांनी ऐकलं नाही."

"गेलं," ती म्हणाली. "कुनामुळं का हुईना, गेलं. लेकीच्या दारात पडलोय आता. जावई बोलतोय, ऐकून घ्यायचं."

मी पदराच्या गाठीतले पैसे सोडायला लागले, तशी ती म्हणाली, "त्ये नगं. केरसुणी घ्यायची आसली तर घे." मग म्हणाली, "एक इचारू? तू भिंतीमागं हुतीस. मी कोन त्ये ठावं हुतं तुला?"

"हो. लोक बोलायचे, त्यावरून."

"आनि भरून देत हुतीस."

"सगळ्यांना तेवढंच द्यायची, मावशी. तुम्हालाही तेवढंच."

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. ती मान हलवत राहिली. "त्यो चहा लई ग्वाड लागायचा मला," ती म्हणाली. "कुनी देत न्हाय, आपल्याआपन येतोय, म्हनून ग्वाड लागायचा. त्येच्यात कुनाचा उपकार न्हवता. आन् तू हुतीस की गं आत. कुनीतरी द्येतच हुतं."

मी म्हटलं, "मावशी..."

तेवढ्यात एक शेतकरी येऊन तिच्यापुढं बसला आणि केरसुण्या उलटसुलट करायला लागला. ती त्याच्याकडं वळली, काड्या किती घट्ट बांधल्यात ते दाखवायला लागली. तो गेला, दुसरी एक बाई आली. मी तशीच उभी होते. येणारी-जाणारी माणसं मला धक्के देत होती. मावशीनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं नाही.

मुलगी म्हणाली, "आई, मला तहान लागलीय." मी तिला घेऊन बाजाराबाहेर आले. बहीण एसटीच्या थांब्याजवळ सावलीला उभी होती. तिनं विचारलं, "काय घेतलंस?" मी म्हटलं, "काही नाही."